‘ड’साठी डी कशाला?

मोहाडी लिहायला आधी ‘एमओएचएडीआय’ बडवायचं, मग त्यातला डी ‘द’ की ‘ड’ हे मशीनने ठरवायचं. आपण भंडाऱ्याची पोरं दिवसभर कोड लिहितो आणि हे मुकाट सोसतो!

इन्स्क्रिप्ट १९८६ पासून आहे. विंडोज, लिनक्समध्ये आधीच असतं. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. ‘क’च्या बटणावर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’च्या बटणावर ‘घ’. ‘भंडारा’ म्हणजे सहा बटणं, एक शिफ्ट. रोमनमध्ये आठ, वर यादीतून शब्द निवडा.

पहिले पंधरा दिवस मी वैतागलो, खोटं कशाला बोलू. पण ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांनो, व्हिममधून बाहेर पडायला शिकलातच ना? तेव्हा कुठून आला वेळ?