नैवेद्य बैलाला, खुराक तोलाने

आज पिठोरी अमावास्या. गिरगावच्या चाळींतून, दादरच्या घराघरांतून आणि लालबाग-परळच्या खोल्यांतून पाटावर मातीची बैलजोडी बसेल आणि तिला पुरणाचा नैवेद्य दाखविला जाईल. मातीचा बैल नैवेद्य नुसता पाहतो. गावाकडचा बैल तो खातो. मुंबईतील अनेक कुटुंबांची दावण आजही सातारा, सांगली, सोलापूरकडे आहे. तिकडचा बेंदूर होऊन गेला. आता वेध आहेत ते कार्तिकीच्या पंढरपूरचे, मार्गशीर्षातील पुसेगावच्या श्रीसेवागिरी महाराजांच्या यात्रेचे. तेथे खिल्लार जनावरे उभी राहतात आणि धन्याची अब्रू जणू त्यांच्या पाठीवर असते.

नेमकी येथेच चूक होते. बैल भरलेला दिसावा म्हणून शेवटच्या आठवड्यात भरड, कणकेचे गोळे, गूळ यांचा मारा सुरू होतो. प्रस्तुत लेखकाने अशाच एका यात्रेत एक देखणा खोंड प्रदर्शनाच्या पहाटे दावणीतच बसलेला पाहिला. रवंथ बंद, डावी कूस फुगलेली. धनी शेजारी बसून रडत होता. लोभ त्याचा, शिक्षा मुक्या जीवाला!

कारण साधे आहे. बैलाचे कोटीपोट वैरणीसाठी घडलेले आहे. एकाएकी धान्य पडले की ते तेथे आंबते, आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जीव जातो. पोळ्याला कौतुकाने चारलेल्या पुरणपोळ्यांच्या ढिगानेही हेच घडते.

मग वजन सांभाळावे कसे? खुराक वाढवायचा तो दोन-तीन आठवड्यांत, थोडाथोडा. कडबा व हिरवी वैरण कमी न करता. रोज सकाळी चालवावे. पंधरवड्याने, उपाशीपोटी, फितीने मोजावे: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. मापे इंचांत, उत्तर किलोत. घेर ७० व लांबी ५८ इंच असल्यास वजन सुमारे ४३० किलो. हा अंदाजच होय. परंतु चढ-उतार त्यात कळतो. पोट भरलेले दिसावे म्हणून मीठ चारून पाणी पाजणे, किंवा सडपातळ दिसावा म्हणून पाणी तोडणे, ही दोन्ही पापेच. शिवाय खिल्लाराची शोभा मेदात नाही. ती काटक बांध्यात, ताठ शिंगांत आणि डौलदार चालीत आहे.

'कृषिपराशर' या प्राचीन ग्रंथाने वाहणाऱ्या बैलाला पीडा होणार नाही अशीच शेती करावी, असे बजावले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्ताहाराचा उपदेश माणसाला असला, तरी बैलाच्या बाबतीत तो पाळणे धन्याच्याच हाती आहे. याच मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरापोळ उभे राहिले आणि परळला १८८६ पासून पशुवैद्यक शिकविले जात आहे. दया आणि विद्या दोन्ही आपल्या दाराशी आहेत.

तेव्हा आज गावी निरोप धाडावा: नैवेद्याची एक पोळी पुरे, आणि रवंथ थांबल्यास वैद्याला तत्काळ बोलवा. बक्षीस पुढच्या वर्षीही मिळेल; गेलेला बैल परत येत नाही.