‘डॅडी’ कुणाचे?

मैत्रिणींनो, सप्टेंबर २०२५ मध्ये अरुण गवळी नागपूरच्या तुरुंगातून सुटला, आणि ‘डॅडी आले’ म्हणून कौतुक सुरू झालं. कशाचं कौतुक? नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांना २००७ साली घाटकोपरला राहत्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. त्या खटल्यात गवळीला २०१२ साली जन्मठेप झाली, हायकोर्टानं ती कायम केली. आता मिळाला तो जामीन. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

हा ‘डॅडी’ घडला कसा? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप चिरडला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि बेकार पोरं टोळ्यांना आयती मिळाली. पुढाऱ्यांनाही ती हवीच होती. त्यांचा दाऊद तर आमचा गवळी, अशी भाषा खुद्द शिवसेनाप्रमुखांनी केली. पुढे गवळीनं १९९७ साली स्वतःची अखिल भारतीय सेना काढली आणि २००४ साली तो चिंचपोकळीतून आमदार झाला. त्याला मतं देणाऱ्यांत आपल्या बायाही होत्या.

बाया भाईला का मानतात? कुठल्याही वस्तीत बघा. नवरा मारतो म्हणून बाई चौकीत जाते. ‘घरगुती मामला आहे’ म्हणून तिला परत पाठवतात. भाईचा माणूस नवऱ्याच्या कानफटात ठेवून देतो. बाईला वाटतं, देव पावला. पण उद्या त्याच माणसानं तिच्या मुलीचा हात धरला, तर तिनं जायचं कुणाकडे? भाईच्या न्यायावर अपील नसतं. ‘मी सांभाळतो, तू गप्प बस’ हा सौदा बाप आणि नवरा आपल्याशी पिढ्यान् पिढ्या करत आलेत. ‘डॅडी’चा सौदा तोच, फक्त हातात पिस्तूल.

याच गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायांनी १९७५ साली प्रेमा पुरव यांच्यासोबत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या कचाट्यातून सुटायला बँकेचं कर्ज मिळवलं. त्यांना कुणी डॅडी लागला नाही. गवळीच्या आयुष्यावर २०१५ साली ‘दगडी चाळ’ आणि २०१७ साली ‘डॅडी’ असे सिनेमे निघाले. पोळ्या लाटून गिरणगाव जगवणाऱ्या या बायांची गोष्ट आपल्या मुलींना कोण सांगणार?

आपणच सांगू या. आणि पुढच्या वेळी मार खाल्लेली बाई चौकीत एकटी जाणार नाही. दहाजणी सोबत जाऊ, तक्रार नोंदवून घेतल्याशिवाय उठणार नाही. जिथे कायद्याचं दार बंद होतं, तिथेच भाईचं दार उघडतं. ते कायद्याचं दार ठोठावत राहणं आपल्या हातात आहे.