पालक कोण? कोंबड्यांचे आणि आपले

जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यात दोन बातम्या एकाच महिन्यात आल्या. पहिली सगळ्यांना आठवत असेल. १८ तारखेला पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली, रायगड आदिती तटकरेंना मिळालं, भरत गोगावलेंचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती आली. दुसरी बातमी आतल्या पानावरची. उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये बर्ड फ्लू सापडला आणि तिथल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

एकीकडे जिल्ह्याचा पालक कोण यावर टायर जळत होते. दुसरीकडे ज्या मुक्या जिवांना खरोखरच पालक हवा होता, त्यांची गिनती फक्त पुरताना झाली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही असं तुम्ही म्हणाल. माझं म्हणणं, आहे. आणि तो जिल्हा परिषदेतून जातो.

आधी कोंबडीचं बघू. पेण, रोहा भागातल्या ब्रॉयलर शेड्स तुम्ही अलिबागला जाताना गाडीच्या काचेतून पाहिल्या असतील (आणि काच पटकन वर केली असेल). ही शेड शेतकऱ्याची, लाइट-पाणी त्याचं, भाताचा तूस त्याचा, रात्रीचं जागरण त्याचं. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते, आणि मर वाढली की तीही कापली जाते. शेडमध्ये किती पिल्लं टाकायची हे कंपनी ठरवते. साधारण चाळीस दिवसांनी पक्षी दोन किलोच्या आसपास गेला की गाडी कधी येणार हेही कंपनीच ठरवते. बाजार पडला की गाडी उशिरा येते. तोवर पक्षी फुगत राहतात, जागा तेवढीच. त्यात मे महिन्याचा उकाडा आणि गेलेली लाइट. बाकी कल्पना करा.

या धंद्यातही घराणी असतात बरं का! आपण खातो त्या ब्रॉयलरच्या आईबापांना 'पेरेंट' म्हणतात, आजी-आजोबांना 'ग्रँडपेरेंट'. ही वंशावळ जगातल्या मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे. शेतकऱ्याने दोन ब्रॉयलर वाढवून त्यांची पिल्लं काढली तर तसा पक्षी परत मिळत नाही, त्यामुळे दर बॅचला नवं पिल्लू कंपनीकडूनच. आणि गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की या पेरेंट कोंबड्यांना मोजून-मापून, अर्धपोटी ठेवतात. पोटभर खाल्लं तर त्या इतक्या जड होतात की अंडी नीट देता येत नाहीत. म्हणजे ज्यांनी पुढची पिढी द्यायची, त्यांनाच उपाशी ठेवायचं. राजकारणात नेमकं उलट असतं, असो.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. हो, पन्नास. आपण कॉफीवर याहून जास्त टिप ठेवतो. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ वा अहवाल दिला, तो खास याच विषयावर होता: अंड्याच्या कोंबड्या आणि ब्रॉयलर, त्यांची जागा, त्यांची वाहतूक. सोबत नियमांचे मसुदेही जोडले होते. केंद्राने २०१९ मध्ये अंड्याच्या कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदा काढला, त्यात एका कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर जागा होती. प्रिंटरमधला ए-फोर कागद काढा आणि मोजा, तो सुमारे ६२४ भरतो. म्हणजे सुधारणा करून कोंबडीला जे द्यायचं ठरलं, ते एका कागदाहून कमी! युरोपात साधे बॅटरी पिंजरे २०१२ पासूनच बंद आहेत.

पण नियम कितीही चांगला असला तरी तो शेडच्या दारात जाऊन बघणार कोण? इथे येते जिल्हा परिषद. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने तिच्याकडे. पशुसंवर्धनाची समिती तिची. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. राज्यघटना म्हणते पाच वर्षांत निवडणूक घ्या. आरक्षणाचे खटले, प्रभागरचना, तारीख पे तारीख. म्हणजे चिरनेरला कोंबड्या पुरल्या जात होत्या तेव्हा उरणचा किंवा रोह्याचा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता, की ज्याच्या घरी शेतकऱ्याने जाऊन भांडावं.

आणि हीच जिल्हा परिषद पुढाऱ्यांची नर्सरीसुद्धा आहे. आता श्रीवर्धन मतदारसंघ बघा. २००९ ला सुनील तटकरे, २०१४ ला त्यांचे पुतणे अवधूत, २०१९ आणि २०२४ ला त्यांची मुलगी आदिती. चार निवडणुका, आडनाव एक. पेणला शेकापचे मोहन पाटील आमदार होते, पुढे २००९ आणि २०१४ ला त्यांचा मुलगा धैर्यशील. पक्ष कोणताही घ्या, शेकाप असो, राष्ट्रवादी असो. लोकांनी मतं दिली आहेत, यात बेकायदा काही नाही. आदिती तटकरेंच्या कामावरही माझं काही म्हणणं नाही. उलट त्यांचंच उदाहरण बोलकं आहे. त्या २०१७ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, मग आमदार, मग मंत्री. म्हणजे मोठ्या घरातल्या मुलीलासुद्धा ही पायरी लागली. मग जिच्या बापाची फक्त पोल्ट्रीची शेड आहे, तिचं काय? ती पायरीच तीन वर्षं काढून ठेवली, तर वर चढणार कोण? ज्याच्या घरात आधीच लिफ्ट आहे तो.

'पण डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, मग पुढाऱ्याचा का नको?' हा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. होऊ दे की. पण डॉक्टरच्या मुलाला परीक्षा द्यावी लागते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातही मालकाचा पोरगा म्हणून कुणी थेट मूर्तीचे डोळे आखायला देत नाही, आधी माती मळायची. आणि आपल्या कंपन्यांचं बघा. सेबीच्या २०१५ च्या नियमांत कलम १७(४) आहे: लिस्टेड कंपनीच्या संचालक मंडळाने वारसदारीची योजना तयार आहे याची खात्री करायची. वारस नेमू नका असं नियम म्हणत नाही, योजना ठेवा म्हणतो. साबण विकणाऱ्या कंपनीला हे बंधन, आणि जिल्हा चालवणाऱ्या पक्षांना नाही?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, स्थानिक निवडणुका मुदतीत, कारणं न सांगता. दोन, पक्षांनी उमेदवारी देताना तालुक्यातल्या सभासदांचं गुप्त मतदान घ्यावं. घरातला उमेदवार असेल तर त्यानेही ते जिंकावं. तीन, ब्रॉयलरच्या शेडमध्ये किती पिल्लं टाकायची आणि गाडी किती दिवसांत यायची याची मर्यादा नियमात लिहा, आणि ती मोडली तर दंड कंपनीला, शेतकऱ्याला नाही. चार, तो दंड पन्नास रुपये नको.

कोंबडीला मत नसतं. पण तिला सांभाळणाऱ्याला असतं, आणि तिला खाणाऱ्या तुम्हा-आम्हालाही. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की आडनाव विचारू नका, ते बॅनरवर असतंच. त्याला विचारा, तालुक्यातल्या एकाही शेडमध्ये तो शेवटचा कधी गेला होता.