टायगर रणगाड्यावरून औषधाच्या काउंटरवर

'युद्धातून बिझनेस शिका' छाप व्हिडिओ तुम्हीही बघत असाल. जर्मन रणगाडा कमांडर ओटो कारिउसच्या नावावर 150 हून जास्त रणगाडे आहेत, म्हणून तुम्हीही मार्केट फोडा! मला हे पटत नाही.

1922 साली जन्मलेल्या या पोराला वजन कमी म्हणून सैन्याने आधी परत पाठवलं होतं. पुढे तो टायगर रणगाड्यावर गेला. जुलै 1944 मध्ये लॅटव्हियातल्या मालिनावा गावात रशियन रणगाडे घुसले. याने काय केलं? आधी स्वतः पुढे जाऊन गाव बघून आला. मग सगळ्या कमांडरांना प्लॅन समजावला आणि फक्त दोन टायगर आत नेले, बाकीचे मागे ठेवले. रशियन कमांडर झाकण लावून आत बसतात, त्यामुळे त्यांना उशिरा दिसतं, असं तो म्हणायचा. स्वतः तो डोकं बाहेर काढून बघायचा. हे घ्या ना! दुकानाची जागा बघायला स्वतः जा, एजंटच्या फोटोवर डिपॉझिट देऊ नका.

पण फोडलेल्या रणगाड्यांचा आकडा काउंटरवर लावू नका. एक तर या आकड्यांवर इतिहासकारांचे वाद आहेत. आणि दुसरं, टायगर-1 बनले जेमतेम 1,350. एकेकाचं वजन 57 टन, पेट्रोल पिणारं धूड, दुरुस्तीची कटकट. समोर अमेरिकेचे शर्मन 49 हजारांच्या घरात. एक भारी सेल्समन असून कंपनी बुडते, तसंच झालं.

बरं, तो लढत कोणासाठी होता? त्याची 502 वी बटालियन ज्या लेनिनग्राडच्या आघाडीवर होती, त्या शहराला जर्मनांनी 872 दिवस वेढलं. लाखो माणसं उपाशी मेली. प्रेरणा म्हणून विकताना हे कोणी सांगत नाही, आणि माझा खरा राग त्याचाच आहे.

एप्रिल 1945 मध्ये रूर भागात त्याने अमेरिकनांपुढे शरणागती पत्करली. नंतर फार्मसी शिकला, 1956 ला एका छोट्या गावात औषधाचं दुकान टाकलं आणि म्हातारपणापर्यंत चालवलं. पन्नासेक वर्षं रोज शटर उघडणं काय असतं, ते दुकानदारालाच कळतं. यावर मात्र व्हिडिओ निघत नाही.

दुकानाचं नाव? 'टायगर अपोथेके', म्हणजे टायगर फार्मसी, त्या रणगाड्यावरूनच. ब्रँडिंग म्हणून लक्षात राहतं, मान्य. मी असलो तर ती पाटी लावली नसती.