कात्रीनं कापलेली माहिती

फोनमधलं साधं अ‍ॅप अपडेट झालं तरी काय बदललं ते दोन ओळींत सांगायची पद्धत आहे. पोटात जाणाऱ्या गोळीला मात्र आपल्याकडे ही पद्धत लागू नाही. मेडिकलवाला पट्टीतून पाच गोळ्या कात्रीनं कापतो, पाकिटात टाकतो, वर 'रात्री १' असं लिहितो. संपली माहिती. कंपनीनं दिलेला कागद खोक्यातच राहतो. मागून घेतला तरी तो मुंगीएवढ्या अक्षरांतला, इंग्रजीतला आणि डॉक्टरांसाठी लिहिलेला.

मॉन्टेलुकास्टचंच घ्या. हे दम्याचं आणि अ‍ॅलर्जीचं औषध. आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनसोबत एकाच गोळीत मिळतं आणि शिंका, गळणारं नाक यांवर सर्रास लिहून दिलं जातं. लहान मुलांनाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या औषधावर आपला सर्वांत ठळक, चौकटीतला इशारा छापायला लावला. भयानक स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे त्रास काहींना होऊ शकतात. नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधांनी भागत नसेल तरच हे द्या, असंही त्यांनी बजावलं.

मला ही गोळी मिळाली ती त्यानंतर काही वर्षांनी. 'झोप येईल, गाडी जपून चालवा,' एवढंच सांगण्यात आलं. चौथ्या रात्रीपासून घामाघूम होऊन जाग यायला लागली. दिवसा काही कारण नसताना रडू फुटायचं. आई म्हणाली, 'रात्रंदिवस लॅपटॉपसमोर बसतोस, दुसरं काय होणार?' मॅनेजर म्हणाला, सुट्टी घे. कारणं सगळ्यांकडे तयार होती. गोळीचं नाव कुणी घेतलं नाही, कारण तशी शक्यता कुणाला सांगितलेलीच नव्हती. अकराव्या दिवशी पट्टीवरचं नाव मी इंग्रजीत शोधलं आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषध बदललं. आठवड्याभरात स्वप्नं थांबली.

एका माणसाच्या अनुभवावरून गोळीच दोषी होती असं सिद्ध होत नाही, मान्य. पण ही शंका घेण्याइतकी माहिती पहिल्याच दिवशी हातात असायला हवी होती. ज्याला इंग्रजीत शोधता येत नाही त्यानं काय करायचं? रात्री किंचाळत उठणाऱ्या मुलाची दृष्ट काढत बसायचं?

यावर ठरलेलं उत्तर असतं: 'सगळं सांगितलं तर लोक घाबरून औषध बंद करतील.' मग दम्याच्या रुग्णानं आपल्या मनानं औषध थांबवू नये, हेही त्याच कागदावर छापा. युरोपीय संघात रुग्णाला समजेल असा, त्या देशाच्या भाषेतला कागद औषधासोबत देणं बंधनकारक आहे. तिथले लोक घेतातच की औषधं.

आपल्याकडे सोयही अर्धी झालेली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, एक्स्पायरी आणि लायसन्स नंबर असतो. बनावट माल ओळखायला हे हवंच. पण अस्सल गोळीनं मला काय होऊ शकतं, हे त्या यादीत नाही. तज्ज्ञांनी तपासलेलं मराठीतलं एक पान त्याच कोडला जोडा: नेहमीचे त्रास कोणते, गंभीर कोणते, डॉक्टरांना कधी गाठायचं. यात तांत्रिक अडचण आहे असं मला कुणी सांगू नये. अशीच कामं करून मी पोट भरतो.

ते पान येईल तेव्हा येईल. तोवर मेडिकलमध्ये कागद मागा. औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ वर कळवा. २०१० साली सुरू झालेल्या सरकारी औषध-दक्षता कार्यक्रमाचा हा टोल फ्री नंबर आहे. तिथं रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. तो नंबर आधी मेडिकलच्या पाकिटावर छापा. 'रात्री १'च्या खाली भरपूर जागा असते.