साथ, लस आणि साक्षीपुरावा

पटकीची साथ आली म्हणजे मरीआई कोपली असे समजून तिचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची चाल महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत होती. गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत जाई. रोग मात्र जेथे पाणी दूषित तेथेच राही. ही चाल आपण टाकून दिली, हे उत्तम झाले. परंतु चाल टाकली म्हणजे वृत्ती गेली असे नव्हे. कोरोनाच्या काळात मरीआईचे नावही न घेणाऱ्या आपल्यातील कित्येक कुटुंबांनी ‘लस टोचून घेणारा माणूस दोन वर्षांत मरतो’ ही कंडी खरी मानली. मे २०२१ मध्ये ती देशभर पसरली होती. ती दोन वर्षे केव्हाच उलटून गेली. लस घेतलेली कोट्यवधी माणसे आपल्या डोळ्यांदेखत कामधंदा करीत आहेत. तरीही शंका गेलेली नाही, आणि आता ती तान्ह्या मुलांच्या लसींपर्यंत पोहोचू पाहत आहे. म्हणून हा विषय जुना झाला असे न मानता आम्ही तो आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

न्यायालयात ऐकीव गोष्ट सामान्यतः पुरावा म्हणून ग्राह्य धरीत नाहीत. ज्याने पाहिले त्याने सांगावे आणि त्याची उलटतपासणी व्हावी, असा नियम आहे. तोच नियम आपण येथे लावू.

प्रथम रोगाचे कारण पाहू. चीनमधील वुहान शहरात डिसेंबर २०१९ मध्ये एका नव्या न्यूमोनियाचे रोगी आढळले. जानेवारी २०२० मध्ये त्या विषाणूची जनुकीय रचना चिनी संशोधकांनी जगापुढे ठेवली. सुमारे तीस हजार अक्षरांची ही आरएनएची लिपी होय. या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. आपल्या श्वासमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावर एसीई-२ नावाचे प्रथिन असते; कुलपात किल्ली बसावी तसा तो काटा त्यावर बसतो व विषाणू आत शिरतो. पेशी ज्या यंत्रणेने स्वतःची प्रथिने घडविते, त्याच यंत्रणेकडून तो आपल्या असंख्य प्रती करवून घेतो. बहुतेकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यास थोपविते. परंतु काही रोग्यांत, विशेषतः वृद्धांत आणि मधुमेह वा हृदयविकार जडलेल्यांत, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ही प्रतिकारशक्तीच बेफाम होते. फुप्फुसांतील वायुकोशांना सूज येते, त्यांत द्रव साचतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि रक्तास प्राणवायू मिळेनासा होतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूच्या सिलिंडरसाठी जी धावाधाव झाली, तिचे मूळ येथे होते. यात कोणाचा कोप नव्हता की कोणाचे पूर्वसंचित नव्हते.

आता लसीकडे वळू. मुख्य आक्षेप असा की, ज्या कामास दहा वर्षे लागतात ते एका वर्षात कसे झाले? आक्षेप रास्त आहे आणि त्यास उत्तरही आहे. ते काम एका वर्षाचे नव्हतेच. याच कुळातील सार्स २००२-०३ मध्ये व मर्स २०१२ मध्ये येऊन गेले होते. त्यांच्या अभ्यासातून, शरीराला त्या काट्याची ओळख करून द्यावी, म्हणजे खरा विषाणू येताच प्रतिपिंडे त्यास अडवितील, हे तत्त्व आधीच हाती आले होते. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या कातालिन कारिको आणि त्यांचे सहकारी ड्र्यू वाइसमन यांनी, बाहेर बनविलेला एमआरएनए शरीरात दाह न माजविता कसा वापरावा, याचा मार्ग २००५ साली दाखविला. त्याबद्दल त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेळ वाचला तो चाचण्यांचे टप्पे एकमेकांत गुंफल्याने, निकालापूर्वीच उत्पादनास पैसा पुरविल्याने आणि रोग सर्वत्र असल्यामुळे परिणाम लवकर दिसल्याने.

पुरावा कसा होता तेही पाहावे. फायझर-बायोएनटेक लसीच्या चाचणीत सुमारे ४३ हजार स्वयंसेवक होते. निम्म्यांस लस व निम्म्यांस खारे पाणी टोचले. कोणास काय मिळाले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या मात्रेनंतर सात दिवस उलटल्यावर १७० जणांस रोग झाल्याचे मोजले गेले. त्यांपैकी १६२ खारे पाणी घेतलेले होते आणि अवघे ८ लस घेतलेले. अशी साक्ष कोणत्याही वकिलास सहजी खोडता येणार नाही.

आपल्या देशात मुख्यत्वे दोन लसी दिल्या गेल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेली व पुण्यात उत्पादन झालेली कोव्हिशिल्ड. तिच्यात निरुपद्रवी केलेला चिंपांझीचा एक विषाणू काट्याचा जनुक वाहून नेतो. दुसरी कोव्हॅक्सिन, तिच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू निष्क्रिय करून वापरला. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या.

परंतु एकाच बाजूची साक्ष ऐकणे हा न्याय नव्हे. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी संमती देताना तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. ही घाई लोकांच्या विश्वासास मारक ठरली, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोव्हिशिल्डच्या जातीच्या लसींनी क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एमआरएनए लसींनी क्वचित तरुणांच्या हृदयस्नायूस सूज आली. लसीने मिळालेले संरक्षण काळाने ओसरते आणि विषाणूही रूप बदलतो. ओमिक्रॉन आल्यावर लस घेतलेल्यांसही लागण झाली. तथापि गंभीर आजार व मृत्यू यांपासून लसीने मोठे रक्षण केले, ही गोष्ट देशोदेशींच्या अनुभवाने सिद्ध झाली आहे.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. जेकब पुलियेल खटल्यात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घटनेच्या २१ व्या कलमान्वये कोणासही बळजबरीने लस टोचता येत नाही. त्याच निर्णयात लसीकरणाचे धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले, आणि दुष्परिणामांची माहिती जनतेपुढे ठेवण्याचा आदेश सरकारला दिला. नकाराचा हक्क आपणास आहे. परंतु कंडीवर विसंबून बजावलेला हक्क घरच्या वृद्धांच्या व मुलांच्या जिवावर बेततो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेली बालके दगावली. त्यांना कोणी मत विचारले नव्हते.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच. लसीविषयी कोणी काही सांगितले तर ‘हे तुम्ही पाहिले काय, कोठे पाहिले, किती जणांत पाहिले?’ असे विचारा. सरकारी दवाखान्यात गेलात तर तेथील डॉक्टरांसही हेच प्रश्न निर्भयपणे करा. उत्तर मिळणे हा आपला हक्क आहे. आणि आज सायंकाळी घरी गेल्यावर मुलांचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. त्यात एखादी जागा रिकामी असेल तर ती भरून घेण्यास विलंब लावू नका.