कॉम्प्युटर मेला, धंदा नाही! 20 हजारांत पुन्हा कामाला कसं लागायचं?



समजा, भिवापुरात एक ताई घरून तिखट-मसाल्याचा व्यवसाय करतात. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली भिवापुरी मिरची, तिचं तिखट पाव-अर्धा किलोच्या पाकिटात. घरात आठ-दहा वर्षं जुना कॉम्प्युटर. बिलं त्यावर, उधारीची शीट त्यावर, पाकिटाचं लेबल त्यावर, जीएसटीही त्यावरच. मार्च महिना आला. घरोघरी वर्षाचं तिखट भरायचा सीझन आणि हिशेबाची वर्षअखेर एकदमच. आणि एका सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. डबा थंड.

अशा वेळी बहुतेक जण पहिला फोन नागपूरला, सीताबर्डीतल्या ओळखीच्या दुकानदाराला लावतात. "भाऊ, नवीन केवढ्याला पडेल?" माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी डेटा, मग सॉफ्टवेअर, आणि त्यानंतर मशीन. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि कामही अडतं.

आधी बघा, नेमकं काय गेलंय

"कॉम्प्युटर मेला" म्हणजे बऱ्याचदा त्यातला एकच भाग मेलेला असतो. बटण दाबल्यावर पंखासुद्धा फिरत नसेल तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. आपल्याकडचं व्होल्टेजचं वर-खाली आणि उन्हाळा, दोन्ही त्याचे वैरी. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? वायर काढा, रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा, परत घट्ट बसवा. प्रत्येक वेळी तारीख-वेळ चुकीची दिसते? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला.

पण हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र थांबा. "अजून एकदा चालू करून बघू" असं करत जितक्या वेळा ती फिरवाल, तितकी ती जास्त बिघडेल. वीज बंद करून जाणकाराकडेच न्या.

आणि एक लक्षात ठेवा. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर हे सगळं बहुधा ठणठणीत असतं. दुकानदार पूर्ण सेट दाखवेल. तुम्हाला फक्त डबा लागतोय.

खरी दौलत हार्ड डिस्कमध्ये आहे

डबा बंद पडला म्हणजे डेटा गेला, असं नाही. हार्ड डिस्क चांगली असेल तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी जोडायची. फाइल्स जशाच्या तशा मिळतात. म्हणून जुना डबा एक्स्चेंजमध्ये देताना डिस्क काढून ठेवा. दोन-तीनशे रुपये कमी मिळाले तरी चालेल. त्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर आणि बँकेची स्टेटमेंट आहेत.

हा फक्त सोयीचा मामला नाही बरं का. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने, म्हणजे सहा वर्षं, हिशेब जपून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा बॅकअप ठेवणंही नियमातच आहे. "साहेब, कॉम्प्युटर जळला" हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

सॉफ्टवेअर: इथे चोरीचा माल नको

आता माझा खरा आग्रह ऐका. दुकानदार म्हणेल, "विंडोज, ऑफिस, कोरल, सगळं टाकून देतो, फुकट." नको म्हणा.

मी हे नैतिकतेचा धडा म्हणून सांगत नाहीये. क्रॅक चालवताना काय करायला सांगतात ते आठवा: "आधी अँटिव्हायरस बंद करा." म्हणजे घराचं दार उघडून, कुत्रा बांधून, अनोळखी माणसाला आत बोलवायचं. आणि मग त्याच मशीनवर नेटबँकिंगचा पासवर्ड टाकायचा! मिरचीत रंग मिसळणाऱ्याला आपण नावं ठेवतो, मग आपल्याच हिशेबाच्या मशीनमध्ये भेसळ कशाला?

"पण अस्सल सॉफ्टवेअर परवडत नाही हो." परवडतं. बघा:

- विंडोज: कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड डब्यांवर बहुधा अस्सल विंडोजचं लायसन्स असतं आणि ते त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. घेताना सेटिंग्जमध्ये "ॲक्टिव्हेटेड" दिसतंय का, ते पाहा. तुमच्या मेलेल्या डब्यासोबत आलेलं लायसन्स मात्र सहसा दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.
- लिनक्स मिंट: पूर्ण मोफत आणि कायदेशीर. जीएसटी पोर्टल, बँक, उद्यम नोंदणी ही कामं ब्राउझरमध्ये होतात, ती इथेही चालतात. एकल मालकीच्या व्यवसायाला जीएसटी रिटर्न ओटीपीने भरता येतं, डिजिटल सहीची यूएसबी लागतेच असं नाही.
- ऑफिस: लिब्रेऑफिस मोफत आहे आणि एक्सेलच्या साध्या फाइल्स उघडतं. भारी मॅक्रो असतील तर अडचण येईल, पण उधारीच्या वहीला मॅक्रो लागत नाहीत.
- लेबल: इंकस्केप मोफत आहे. एक टाइपचा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्टही मोफत. कोरलच्या जुन्या फाइल्स मात्र नेहमी नीट उघडत नाहीत, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधलं मराठी नव्या मशीनवर अगम्य चिन्हांसारखं दिसतं. म्हणून प्रत्येक लेबलची पीडीएफ ठेवा, आणि यापुढे मराठी फक्त युनिकोडमध्ये टाइप करा.
- टॅली: तुमचं काम टॅलीवरच चालत असेल तर विंडोजच घ्या, उगाच हट्ट नको. लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण ज्या ईमेलवर ते घेतलं तो तुमच्या हातात हवा. कित्येकांच्या बाबतीत तो ईमेल इन्स्टॉल करून देणाऱ्या मुलाचा असतो! आजच तपासा.

मशीन घेताना "आय7" च्या स्टिकरला भुलू नका

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पुढे दिलेली मुदतवाढ तात्पुरती होती. त्यामुळे विंडोज घ्यायचं असेल तर विंडोज 11 चालणारंच मशीन घ्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 हवं.

पिढी कशी ओळखायची? आय5-6500 मधला पहिला आकडा 6, म्हणजे सहावी पिढी, नको. आय5-8500 म्हणजे आठवी, चालेल. चौथ्या पिढीच्या आय7 पेक्षा आठव्या पिढीचा आय3 तुमच्या कामाचा. सोबत 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी. वेग जाणवतो तो एसएसडीमुळे. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत बघून घ्या.

माझ्या मते 20 हजारांची वाटणी अशी करा:

- रिफर्बिश्ड ब्रँडेड डबा: 14,000
- यूपीएस: 2,500
- बॅकअपसाठी दोन पेन ड्राइव्ह: 1,500
- डेटा काढणं, केसिंग आणि अडीअडचण: 2,000

यूपीएस ऐच्छिक समजू नका. जुना डबा कशाने गेला असेल, याचा विचार करा.

बिल पक्कं घ्या, वॉरंटी लेखी घ्या. कॉम्प्युटरवर 18 टक्के जीएसटी आहे. बिलावर तो वेगळा दाखवलेला असेल आणि तुमची नियमित नोंदणी असेल, तर 14,000 मधले साधारण 2,135 रुपये इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात. कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही. "बिलाशिवाय हजार कमी करतो" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

"मोबाईलवर भागत नाही का?"

भागतं ना! दिवसाला चार-पाच बिलं आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर, एवढंच काम असेल तर कॉम्प्युटर घेऊच नका. ते 20 हजार मिरचीत घाला. सीझनला घेतलेला माल पैसे परत देतो, टेबलावर झाकून ठेवलेला डबा देत नाही. लेबल, वर्षाचा हिशेब, कर्जासाठी बँकेला द्यायचे कागद वाढले की मग घ्या.

नवा डबा आला की पहिल्या शनिवारी एक काम सुरू करा. हिशेबाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे, मैत्रिणीकडे. पुढच्या शनिवारी दुसरा ड्राइव्ह. दहा मिनिटांचं काम आहे. आपल्या आजीने बियाण्याची मिरची कधी एकाच मडक्यात ठेवली नसती. तुमचा हिशेब म्हणजे धंद्याचं बियाणंच आहे.

आता हे वाचून झालं की उठा आणि चालू असलेल्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्या. मेल्यावर नाही, आज.